अचूक वेळेच्या सिग्नलसाठी केबल कशी निवडावी: गच्चीवरच्या अँटेनापासून काउंटरपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेत जीपीएसवर चालणारं घड्याळ बसवायचं ठरलं तेव्हा मांडणी साधी दिसत होती. गच्चीवर अँटेना, तिथून डक्टमधून खाली रिसीव्हर, आणि रिसीव्हरमधून निघणारे दोन सिग्नल. एक म्हणजे दर सेकंदाला येणारा पल्स, ज्याला सगळे एक पीपीएस म्हणतात. दुसरा म्हणजे १० मेगाहर्ट्झची साइन लहर. हे दोन्ही तीन खोल्यांतल्या उपकरणांपर्यंत न्यायचे होते. घड्याळ निवडायला आम्ही चार महिने घेतले आणि केबल मात्र एका दुपारी मागवून टाकली. पुढचं जवळपास वर्षभर आम्ही त्या केबलच्याच मागे होतो.

तुम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असाल, हौशी रेडिओ खगोलशास्त्र करत असाल किंवा कॅलिब्रेशनच्या कामात नवे असाल, तर ते वर्ष तुमचं वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. केबलमधून जाताना सिग्नलला उशीर होणारच, आणि त्या उशिराचा त्रास नसतो, कारण तो एकदा मोजला की वजा करता येतो. त्रास सुरू होतो तो उशीर बदलायला लागला की. सकाळी २०२.० नॅनोसेकंद आणि दुपारी २०१.२, असं झालं तर काय वजा करणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच प्रश्नासाठी आहेत.

## १. आधी आकडा लिहा: किती चूक चालेल?

कोणतीही डेटाशीट उघडण्याआधी, शेवटच्या उपकरणापाशी वेळ किती चुकली तर चालेल, ते कागदावर लिहा. हा आकडा हाताशी नसेल तर दुकानदार सर्वांत महाग केबल दाखवेल आणि ती नको म्हणायला तुमच्याकडे कारण नसेल.

अंदाज यावा म्हणून काही कामं सांगते. नेटवर्कवरून संगणकांची घड्याळं जुळवायची असतील तर मिलिसेकंद पुरतात, तिथे केबलचा विचारच नको. वीज ग्रिडमध्ये फेजर मोजणाऱ्या उपकरणांना मायक्रोसेकंदाची अचूकता लागते. ५० हर्ट्झच्या लहरीत एक मायक्रोसेकंद म्हणजे जेमतेम ०.०१८ अंश, त्यामुळे नीट जोडलेली कुठलीही बरी केबल तिथे चालते. दोन अणुघड्याळांची तुलना किंवा कणभौतिकीतले डिटेक्टर आले की गोष्ट नॅनोसेकंदावर येते. रेडिओ दुर्बिणींच्या समूहात तर नॅनोसेकंदही फार मोठा असतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीचा सर्वांत वरचा पट्टा १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. त्या वारंवारतेला लहरीचं एक पूर्ण आवर्तन ०.७ नॅनोसेकंदात होतं, म्हणजे १०० पिकोसेकंदांची चूक ५० अंशांहून जास्त फेज फिरवते.

आकडा ठरला की त्याचा एक तृतीयांश हिस्सा केबलला द्या. बाकीचा रिसीव्हर, वितरण ॲम्प्लिफायर (एकच सिग्नल अनेक आउटपुटवर वाटणारं उपकरण) आणि मोजणारं उपकरण खाऊन टाकतात. आमचा एकूण आकडा एक नॅनोसेकंद होता, म्हणजे केबलच्या वाट्याला साधारण ३०० पिकोसेकंद आले.

## २. लांबीचा उशीर काढा

प्रकाश निर्वात जागेत एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. केबलमध्ये सिग्नल त्याहून हळू जातो, आणि किती हळू ते मधल्या तारेभोवतीच्या इन्सुलेशनवर ठरतं. डेटाशीटमध्ये हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या टक्क्यांत दिलेला असतो.

भरीव पॉलिथिलीनच्या केबलमध्ये, उदाहरणार्थ आरजी-५८ किंवा आरजी-२१३ मध्ये, तो ६६ टक्के असतो, म्हणजे मीटरमागे ५.०५ नॅनोसेकंद. भरीव टेफ्लॉनच्या आरजी-३१६ किंवा आरजी-४०० मध्ये सुमारे ७० टक्के, मीटरमागे ४.८. फोम पॉलिथिलीनच्या एलएमआर-४०० मध्ये ८५ टक्के, मीटरमागे ३.९. मोबाइल टॉवरवर दिसते ती अर्धा इंची फीडर केबल, जिच्या बाहेरच्या तांब्याच्या नळीला वळ्या असतात, तिच्यात ८८ टक्के, मीटरमागे ३.८.

इथे नवखे लोक एक चूक करतात. केबल वीस मीटर लागणार असते आणि घेतात तीस, उरलेलं वेटोळं रॅकमागे टांगून ठेवतात. हे जास्तीचे दहा मीटरही गरम-थंड होतात आणि त्यांचा उशीरही बदलतो. लागेल तेवढीच घ्या, आणि पुन्हा कनेक्टर बसवायची वेळ आली तर अर्धा मीटर हाताशी ठेवा.

## ३. केबलच्या पोटात काय आहे ते पाहा

आमचा सगळा गोंधळ इथेच झाला, म्हणून इथे थोडं थांबते.

केबल तापली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. तांबं प्रसरण पावतं, केबल लांब होते आणि उशीर वाढतो. हा परिणाम लहान आहे, अंशामागे दशलक्षात सतरा भाग, म्हणजे १७ पीपीएम. त्याच वेळी इन्सुलेशनही फुगतं, त्याची घनता कमी होते, त्यातून सिग्नल अधिक वेगाने जातो आणि उशीर घटतो. भरीव प्लास्टिकमध्ये हा दुसरा परिणाम बराच मोठा असतो. त्यामुळे साधी केबल तापली की तिच्यातला उशीर वाढण्याऐवजी कमी होतो. पहिल्यांदा हे आलेखावर पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की काउंटरच्या, म्हणजे दोन पल्समधला वेळ मोजणाऱ्या उपकरणाच्या, तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत.

भरीव पॉलिथिलीन. स्वस्त, सगळीकडे मिळणारी. तापमानामुळे होणारा बदल अंशामागे शंभर पीपीएम किंवा त्याहून जास्त धरून चाला. एकाच खोलीत, दोन-तीन मीटरसाठी बिनधास्त वापरा. गच्चीवर नेऊ नका.

फोम पॉलिथिलीन. फोममध्ये बहुतांश गॅसच असतो, त्यामुळे प्लास्टिकचा परिणाम घटतो आणि तांब्याच्या प्रसरणाशी त्याची बरीचशी वजाबाकी होते. वळ्यांच्या तांब्याच्या नळीत भरलेला फोम, म्हणजे टॉवरची फीडर केबल, याबाबत फारच चांगली. तिच्यातला बदल अंशामागे दहा पीपीएमच्या आसपास असतो. माझ्या मते नव्या माणसाला पैशाच्या मानाने याहून चांगली स्थिर केबल मिळणार नाही. टॉवरचं काम करणाऱ्या ठेकेदारांकडे तिचे उरलेले तुकडे असतात. नीट पारखून घेतले तर ते चालतात.

भरीव टेफ्लॉन. आम्ही फसलो ते याच केबलमुळे. टेफ्लॉनची केबल म्हणजे उत्तम केबल असं आम्ही गृहीत धरलं होतं, आणि उष्णता व रसायनं सोसण्याच्या बाबतीत ते खरंही आहे. पण टेफ्लॉनच्या स्फटिकरचनेत १९ अंश सेल्सिअसजवळ एक बदल होतो आणि ३० अंशांजवळ आणखी एक छोटा. १९ अंशांच्या बदलात त्याचं आकारमान एकदम एक टक्का किंवा थोडं जास्त फुगतं. त्या तापमानाच्या आसपास केबलमधला उशीर पायरी उतरल्यासारखा घसरतो. या धंद्यातले लोक त्याला टेफ्लॉनचा गुडघा म्हणतात, कारण आलेख तिथे गुडघ्यासारखा वाकतो.

आता विचार करा, १९ अंश म्हणजे कुठलं तापमान? पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बंद खोलीचं तापमान साधारण तिथेच येतं. एसीवर चालणारी खोलीही तिथून दोन-तीन अंशांवरच असते. आमची चाळीस मीटरची टेफ्लॉन केबल पावसाळाभर शहाण्यासारखी वागली, आणि डिसेंबर लागताच रोज पहाटे दीडशे पिकोसेकंद सरकून दुपारी परत जागेवर यायला लागली. आम्ही रिसीव्हर बदलून पाहिला, वीजपुरवठा बदलून पाहिला. शेवटी एका सहकाऱ्याने केबलचं वेटोळं थर्माकोलच्या खोक्यात ठेवून आत कोमट पाण्याची बाटली ठेवली, आणि तासाभरात काउंटरवर तोच आलेख उमटला.

टेफ्लॉन अजिबात वापरू नये असं मी म्हणत नाही. २५ अंशांवर कायम राखलेल्या कॅबिनेटमध्ये, मीटरभर लांबीसाठी, ते छान चालतं.

खास फेज-स्थिर केबल. काही उत्पादक टेफ्लॉनऐवजी असं इन्सुलेशन वापरतात की त्यात हा गुडघा येतच नाही. काही सिलिकाचं चूर्ण भरलेल्या, धातूच्या नळीतल्या केबल बनवतात. दोन्ही उत्तम आणि दोन्ही महाग. पहिल्या पायरीतला तुमचा आकडा दहा-वीस पिकोसेकंदांचा असेल तरच त्यांच्याकडे वळा.

## ४. केबल कुठून जाणार ते चालून पाहा

थर्मामीटर घेऊन केबलचा मार्ग प्रत्यक्ष चालून या, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तीनला. एप्रिलमध्ये गच्चीच्या स्लॅबवर पडलेल्या काळ्या केबलचं तापमान हवेपेक्षा बरंच वर जातं. दिवस-रात्रीचा फरक तीस अंश सहज होतो.

मग साधा गुणाकार करा. समजा चाळीस मीटर केबल पूर्ण उन्हात आहे.

- भरीव पॉलिथिलीन: उशीर २०२ नॅनोसेकंद. अंशामागे १५० पीपीएम धरले तर अंशामागे ३० पिकोसेकंद, आणि तीस अंशांना ९०० पिकोसेकंद.
- अर्धा इंची फीडर: उशीर १५२ नॅनोसेकंद. १० पीपीएमने अंशामागे दीड पिकोसेकंद, आणि तीस अंशांना ४५.

आमच्या ३०० पिकोसेकंदांच्या हिश्शात पहिली केबल बसत नाही, दुसरी आरामात बसते.

मार्ग बदलूनही खूप काही साधतं. केबल गच्चीवर उघडी टाकण्याऐवजी पांढऱ्या पाइपमधून, पॅरापेटच्या सावलीतून न्या. डक्टमध्ये गरम पाण्याची लाइन असेल तर तिच्यापासून लांब ठेवा. एसीच्या झोतासमोर टांगू नका, कारण एसी दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो आणि तोच ठेका मोजमापात उतरतो.

आणखी एक युक्ती आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. दोन उपकरणांमधला फरकच महत्त्वाचा असेल तर दोघांसाठी एकाच रिळातून सारख्या लांबीचे तुकडे कापा आणि ते एकाच पाइपमधून, एकमेकांना खेटून न्या. दोन्ही सारखेच तापतात, सारखेच सरकतात आणि फरक जवळपास तसाच राहतो.

## ५. ५० ओहम की ७५?

केबलचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला तिच्यात जाणवणारा रोध, ओहममध्ये सांगतात. मोजमापाच्या जगात ५० ओहम, टीव्ही आणि डिशच्या जगात ७५. पीपीएस आणि १० मेगाहर्ट्झसाठी ५० ओहमच घ्या. ७५ ओहमच्या केबलला ५० ओहमचं उपकरण जोडलं की २० टक्के सिग्नल उलटा परततो, आणि तो परतलेला भाग पल्सच्या पुढच्या कडेवर बसून तिचा आकार बिघडवतो. अँटेनाच्या केबलसाठी काही रिसीव्हरचे उत्पादक स्वतःच ७५ ओहमची केबल चालेल असं सांगतात. तसं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच ती वापरा.

इन्सुलेशनभोवतीच्या तारांच्या जाळीकडेही पाहा. बाजारात आरजी-५८ अशी छाप असलेल्या काही केबलची जाळी इतकी विरळ असते की आतलं पांढरं इन्सुलेशन दिसतं, आणि मधली तार तांबं चढवलेल्या ॲल्युमिनियमची असते. विकत घेण्याआधी टोक सोलून बघा. मी दुहेरी जाळीची किंवा फॉइल अधिक जाळीची केबल घेते.

अँटेनाच्या केबलमध्ये सिग्नल किती क्षीण होतो तेही तपासा, कारण जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झला असतो. एलएमआर-४०० मध्ये त्या भागात शंभर मीटरला सुमारे १७ डेसिबल जातात. आरजी-५८ मध्ये तीस मीटरलाच वीसहून जास्त.

## ६. कनेक्टर

केबल चांगली आणि कनेक्टर ढिला असेल तर केबलवरचे पैसे वाया गेले असं समजा. २०११ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या ग्रान सासो इथल्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं की सुमारे ७३० किलोमीटर दूर असलेल्या सर्न या प्रयोगशाळेहून आलेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशाच्या हिशोबापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताना दिसत आहेत. जगभर खळबळ उडाली. पुढे २०१२ मध्ये कारण सापडलं. जीपीएसची वेळ जमिनीखालच्या मुख्य घड्याळापर्यंत नेणाऱ्या फायबरचा एक कनेक्टर पूर्ण बसलेला नव्हता. त्यामुळे प्रकाश कमी पोहोचत होता, पलीकडच्या सर्किटला ठरलेली पातळी गाठायला वेळ लागत होता, आणि साधारण ७३ नॅनोसेकंदांचा जास्तीचा उशीर होत होता. घड्याळातल्या आणखी एका दोषाचा परिणाम उलट दिशेने होता, म्हणून एकूण फरक साठच्या आसपास दिसला. सिग्नल येत होता, दिवा लागत होता, काहीही तुटलेलं नव्हतं. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, ती मोजूनच पकडावी लागते.

कोॲक्स, म्हणजे मधली तार, इन्सुलेशन आणि बाहेर जाळी किंवा नळी अशा केबलच्या बाबतीत मी पाळते ते नियम असे:

- बीएनसी रोजच्या जोड-काढीसाठी ठीक. पण तो हाताने हलवला तर काउंटरवर काही पिकोसेकंद हलताना दिसतात. कायमच्या जोडणीसाठी आट्यांचे टीएनसी, एन किंवा एसएमए घ्या.
- एसएमए पान्याने ठरावीक जोरानेच आवळा. पितळी असेल तर सुमारे ०.५६ न्यूटन-मीटर, स्टीलचा असेल तर ०.९ ते १. या जोराला सुटणारा टॉर्क पाना मिळतो, तो घ्या. पकडीने आवळू नका.
- ५० ओहमचा एन-मेल ७५ ओहमच्या एन-फीमेलमध्ये कधीही घालू नका. ७५ ची मधली पिन बारीक असते, आणि फीमेलच्या पाकळ्या एकदा ताणल्या गेल्या की तो कनेक्टर बाद. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, म्हणून लेबल लावा.
- ॲडॉप्टरची माळ करू नका. बीएनसीतून एसएमए, त्यातून एन, असे तीन जोड लागत असतील तर योग्य कनेक्टर बसवलेली जंपर, म्हणजे छोटी जोडकेबल, करून घ्या.

## ७. पल्सचा शेवट नीट करा

पीपीएसचा पल्स केबलच्या टोकाला पोहोचला की तिथे ५० ओहमचा रोध हवा. नसेल तर पल्स आपटून मागे येतो, आणि दोनदा-तीनदा येऊन कडेला पायऱ्या पडतात. ऑसिलोस्कोपचा इनपुट एक मेगाओहमवर राहिला तर नेमकं हेच दिसतं. स्कोपच्या मेनूत ५० ओहम निवडा, किंवा टोकाला टर्मिनेटर लावा.

एका सिग्नलवर चार उपकरणं जोडायला टी-जोड वापरू नका. दर टी ठिकाणी थोडा सिग्नल परततो, आणि एक उपकरण काढलं की बाकी तिघांची वेळ सरकते. वितरण ॲम्प्लिफायर घ्या, प्रत्येक उपकरणाला त्याचं वेगळं आउटपुट द्या, आणि रिकाम्या आउटपुटवरही ५० ओहम लावा.

पातळीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काउंटर एका ठरावीक व्होल्टला वेळ टिपतो. समजा पल्स अडीच व्होल्टचा आहे आणि तो चढायला ५ नॅनोसेकंद घेतो. मग टिपण्याची पातळी ०.१ व्होल्टने हलली की वेळ २०० पिकोसेकंदांनी हलते. लांब केबलमधून गेल्यावर कड आणखी लोळते आणि हा आकडा वाढतो. म्हणून सगळ्या उपकरणांत पातळी आकड्यात लिहून ठेवा, मी १ व्होल्ट ठेवते. काउंटरवर 'ऑटो' निवडू नका. ऑपेरातही मूळ गोष्ट हीच होती.

१० मेगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची घरघर शिरत असेल तर दोन खोल्यांच्या अर्थिंगमधला फरक हे कारण असू शकतं. ट्रान्सफॉर्मरने वेगळं केलेलं आउटपुट असलेला ॲम्प्लिफायर तिथे उपयोगी पडतो. पीपीएससाठी तो ट्रान्सफॉर्मर वापरू नका, पल्सचा आकार मोडतो.

## ८. कोॲक्स कधी सोडायची?

अंतर शंभर मीटरच्या पुढे गेलं, दोन इमारतींचा प्रश्न आला किंवा आकाशातली वीज पडण्याचं भय असलं, की फायबरचा विचार करा. फायबरमध्ये उशीर मीटरमागे सुमारे ४.९ नॅनोसेकंद, आणि नेहमीच्या सिंगल-मोड फायबरमध्ये तापमानाचा बदल किलोमीटरमागे दर अंशाला ४० पिकोसेकंदांच्या आसपास, म्हणजे आठ पीपीएम. शिवाय फायबर वीज वाहत नाही. जीएमआरटीच्या ३० अँटेना २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत आणि त्यांचे सिग्नल फायबरवरूनच मध्यवर्ती इमारतीत येतात.

सर्नमध्ये विकसित झालेली व्हाइट रॅबिट ही पद्धत तर एकाच फायबरवर दोन तरंगलांबी उलटसुलट पाठवून जाण्यायेण्याचा उशीर सतत मोजते आणि दुरुस्त करते. तिची अचूकता नॅनोसेकंदाच्या आतली आहे. ती घ्यायची असेल तर जाणं आणि येणं एकाच धाग्यावर ठेवा, दोन वेगळे धागे वापरू नका.

नेटवर्कच्या कॅट-६ केबलवर पीपीएस नेण्याचा मोह होतो, कारण ती भिंतीत आधीच असते. त्यातल्या चार जोड्यांचे पीळ वेगवेगळे असतात, म्हणून त्यांच्या लांब्याही वेगळ्या. शंभर मीटरला जोड्या-जोड्यांत ४५ नॅनोसेकंदांपर्यंत फरक मानकालाच मान्य आहे. जाणं एका जोडीवर आणि येणं दुसऱ्या जोडीवर मोजणाऱ्या पद्धतीत त्या फरकाचा अर्धा भाग थेट चूक म्हणून बसतो. मायक्रोसेकंदाच्या कामाला कॅट-६ चालेल, नॅनोसेकंदाला नाही.

## ९. केबल टाकताना

वळणाची किमान त्रिज्या डेटाशीटमध्ये असते. एलएमआर-४०० ला कायमचं वळण २५ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण पुन्हा पुन्हा वाकणार असेल तर १०० मिलिमीटर लागतात. केबल टाय इतका आवळू नका की केबल दबेल, कारण दबल्या जागी ओहम बदलतो. टाय सारख्या अंतरावरही लावू नका, थोडं कमी-जास्त ठेवा, नाहीतर सगळे छोटे परावर्तन एकत्र येऊन मोठे होतात.

गच्चीवरच्या प्रत्येक जोडाला आपोआप चिकटणारी रबर टेप गुंडाळा आणि वरून काळी विनाइल टेप लावा. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. जाळीत एकदा पाणी शिरलं की ते केशाकर्षणाने मीटरभर आत जातं आणि उशीर महिनोन्‌महिने सरकत राहतो. कोकणात किंवा गोव्यात असाल तर हे काम मे महिन्यातच उरका. उंदीर आणि खारी मऊ आवरण कुरतडतात, म्हणून पाइपची तोंडं जाळीने बंद करा.

वीजरोधक, म्हणजे आकाशातल्या विजेपासून उपकरणं वाचवणारा जोड, गच्चीच्या दारापाशी बसवून तो इमारतीच्या अर्थिंगला जोडा. त्याचाही थोडा उशीर असतो, म्हणून मोजमाप तो जागेवर असतानाच करा.

## १०. मोजा, आणि लिहून ठेवा

काउंटरने मोजण्याची पद्धत अशी:

१. पीपीएस ॲम्प्लिफायरच्या दोन आउटपुटमधून दोन छोट्या जंपर काउंटरच्या 'स्टार्ट' आणि 'स्टॉप'ला जोडा. 'स्टॉप'ची जंपर थोडी लांब ठेवा, म्हणजे उत्तर कधी उणे येणार नाही.

२. दोन्ही बाजूंना ५० ओहम आणि १ व्होल्ट पातळी ठेवून शंभर पल्सची सरासरी घ्या. हा पाया.

३. 'स्टॉप'च्या मार्गात तुमची केबल घाला, पुन्हा शंभर पल्स घ्या आणि पाया वजा करा. जोडायला ॲडॉप्टर लागला तर त्याचा उशीरही वजा करा.

काउंटर नसेल तर नॅनोव्हीएनए, म्हणजे केबलमध्ये सिग्नल सोडून तो कसा परततो ते मोजणारं छोटं उपकरण, चालेल. केबलचं दुसरं टोक उघडं ठेवून परतणाऱ्या सिग्नलवरून मोजलंत तर मिळणारा वेळ जाण्यायेण्याचा असतो, तो अर्धा करायला विसरू नका. अँटेनाच्या केबलवर रिसीव्हर ३.३ किंवा ५ व्होल्ट सोडत असतो, म्हणून मोजण्याआधी रिसीव्हर सोडवा, नाहीतर उपकरण जळेल.

मग रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये अँटेनाच्या केबलचा उशीर भरा. काही रिसीव्हरमध्ये तिथे कारखान्यातूनच ५० नॅनोसेकंद भरलेले असतात. चाळीस मीटर केबल असताना तो आकडा तसाच राहिला तर तुमचं घड्याळ शंभरहून जास्त नॅनोसेकंद चुकीचं, आणि स्थिर असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

शेवटी रात्रभर नोंद ठेवा, दर मिनिटाला उशीर आणि शेजारी तापमान. दोन्ही एकत्र हलले तर केबलच दोषी. उशीर एकटाच उडी मारत असेल तर आधी कनेक्टर पाहा.

### हाताशी काय हवं

- साधनं: पिकोसेकंद मोजणारा काउंटर किंवा नॅनोव्हीएनए, ५० ओहमचे टर्मिनेटर, टॉर्क पाना, केबलला जुळणारं क्रिंप साधन, तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र, रबर टेप.
- कागदपत्रं: केबलची डेटाशीट, त्यातला वेग आणि तापमान-बदलाचा आलेख, रिसीव्हर आणि अँटेनाचं माहितीपत्रक, इमारतीचा डक्टचा नकाशा, अर्थिंगचा शेवटचा चाचणी अहवाल, गच्चीवर काम करण्याची परवानगी.

डेटाशीटमध्ये तापमान-बदलाचा आलेख नसेल तर विक्रेत्याकडे लेखी मागा. तो देता येत नसेल तर दहा मीटरचा नमुना घेऊन थर्माकोलच्या खोक्यात आणि कोमट बाटलीने आमच्यासारखं तपासा, आणि १५ ते २५ अंशांच्या पट्ट्यात सावकाश जा.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक, मोजलेला उशीर आणि तारीख लिहिलेलं लेबल लावा. कनेक्टर कापून नवा बसवला, वीजरोधक बदलला किंवा मार्ग हलवला, की पुन्हा मोजा. वहीत जुना आकडा खोडू नका. नवा त्याच्या खाली लिहा, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी विचारेल की मार्चमधल्या नोंदी कोणत्या आकड्याने दुरुस्त केल्या होत्या.